सांगणारा एकच होता

मित्रांनो, पाथरीच्या बसस्थानकाकडून बाजाराकडे निघालात की डाव्या हाताला जनावरांच्या औषधांचे एक दुकान लागते. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खनिज मिश्रणाच्या पोत्यांशेजारी ठेवलेला जुना संगणक म्हणजे मी. एके काळी मी काळा कुळकुळीत होतो, आता धुळीने करडा दिसतो. माझा पंखा सुरू झाला की घरघरतो. नवखा माणूस दचकून बघतो आणि त्याला वाटते, आत काहीतरी बिघडले असावे. खरे सांगायचे तर ती धास्ती मलाही रोजच असते.

माझा जन्म परभणीतल्या एका अरुंद दुकानात झाला. मोठ्या कारखान्यातून खोक्यात बसून येणारे संगणक वेगळे. मला एका कारागिराने टेबलावर जुळवले. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, तारा तिसऱ्याच्या. माझ्या अंगावर कोणत्याच कंपनीचे नाव नव्हते. शेजारच्या फळीवर नावाजलेल्या कंपन्यांचे संगणक दिमाखात बसलेले असत. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे जाई, किंमत ऐकून माझ्याकडे वळे आणि विचारी, "हा टिकंल का पण?" कारागीर म्हणे, "टिकंल की." पण ते म्हणताना तो माझ्याकडे बघत नसे. त्यामुळे आपण टिकू की नाही, ही काळजी माझ्या मनात तेव्हापासूनच घर करून राहिली.

मला विकत घेतले ते दैवशालाबाईंनी. औषधांचे शिक्षण घेतलेल्या या बाईंनी पाथरीत नुकतेच दुकान थाटले होते. त्यांचे पती योगीराव पाथरी ते सेलू अशी प्रवासी जीप चालवत. सासरे बन्सीधरराव गल्ल्यावर बसत. योगीरावांच्या जीपमधून, दैवशालाबाईंच्या मांडीवर बसून मी पाथरीला आलो. वाटेत खड्डा आला की त्या मला दोन्ही हातांनी आवळून धरत. इतके जपून मला तोवर कोणी धरले नव्हते.

दुकान चांगले चालू लागले. कुणाला किती औषध दिले, कोणत्या बाटलीची मुदत कधी संपते, याचा हिशेब डोक्यात राहीना. तेव्हा परभणीहून पंडित नावाचा एक विक्रेता आला. एका नामांकित कंपनीचे सॉफ्टवेअर तो विकत असे. त्याने आपल्या लॅपटॉपवर सगळे दाखवले आणि शेवटी किंमत सांगितली. बन्सीधररावांनी ती दोनदा विचारून घेतली.

"आन हे दरसाल भरायचे?"

"दरसाल, काका."

"बैल एकदा इकत घेतला की दरसाल बैलाचे पैसे देतो का कोणी?"

पंडित हसून म्हणाला, "चारा तर लागतोच ना, काका."

"चारा बैल खातो. हे कोन खायलंय?"

दुकानातली माणसे हसली. पंडितही हसला आणि लॅपटॉप मिटून निघून गेला. मला मात्र हसू आले नाही. महाग वस्तूपुढे स्वस्त वस्तूला काय वाटते, हे मी परभणीच्या फळीवर अनुभवले होते.

मग आला सिद्धोधन. गावात संगणकाचे वर्ग घेणारा हा तरुण शिक्षक मनाने फार चांगला होता. "ताई, मी लिहून देतो तुमच्यासाठी," तो म्हणाला. तो कित्येक दिवस दुकानात एका स्टुलावर बसून राहिला. आलेली माणसे काय मागतात, कशी बोलतात, ते ऐकत राहिला. आमच्याकडे मेंढपाळ फार येत. उन्हाळ्यात ते मेंढरे घेऊन गावोगाव फिरतात. ज्या शेतकऱ्याला खत हवे, त्याच्या शेतात मेंढरे बसवतात. त्या मुक्कामाला वाडा म्हणतात.

सिद्धोधनने विचारले, "ताई, हे लोक पत्ता काय सांगतेत?"

"पत्ता कुठला रे त्यांना? वाडा कुठं बसलाय तेवढं सांगतेत."

सिद्धोधनने त्या दिवशी पडद्यावर एक नवा चौकोन तयार केला आणि त्यावर लिहिले, 'वाडा सध्या कुठे?' नामांकित कंपनीच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये असा चौकोन नव्हता. तिथे बसून लिहिणाऱ्यांना वाडा म्हणजे काय, ते कुठून ठाऊक असणार?

ती वर्षे माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षे होती. सगळी अक्षरे मराठीत, ठसठशीत. नाव टाकले की माणूस समोर उभा राही. बन्सीधरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा पडदा दाखवून सांगत, "आमच्या सिद्धोधननं केलंय. फुकटात म्हणा ना." बिलांच्या कागदी प्रती ठेवणे बंद झाले. सगळे माझ्यात होते, मग कागद कशाला?

पुढे सिद्धोधनला पुण्यात नोकरी लागली. त्याचे लग्न झाले. जाताना तो म्हणाला, "काही अडलं तर एक फोन करा, ताई." आणि तो शब्दाला जागला. कधीही फोन केला तरी तो उचलायचा आणि दोन मिनिटांत अडचण दूर करायचा. हे काम आणखी कुणाला तरी शिकवून ठेवायचे, असे त्याच्या आणि दैवशालाबाईंच्या बोलण्यात अनेकदा आले. पण काम अडत नव्हते, म्हणून ते राहून गेले. रोज दुकान उघडले की मला वाटे, आज फोन लागला नाही तर? संध्याकाळी कुलूप लागले की वाटे, चला, आजचा दिवस निभावला.

तो दिवस पेरणीच्या आधीचा होता. ऊन रणरणत होते. सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली.  शेवटी वीज टिकली, दैवशालाबाईंनी मला सुरू केले आणि पडद्यावर एकच ओळ उमटली. माहितीची फाईल उघडत नाही.

"मामा, हे उघडंना," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

"सिद्धोधनला लाव फोन सावकाश. काई घाई न्हाई."

दुपारी मात्र घाई आली. जंताचे औषध बनवणाऱ्या कंपनीतून दैवशालाबाईंना फोन आला. बोलता बोलता त्या उभ्या राहिल्या. त्यांनी दोनदा फक्त "हो" म्हटले आणि फोन ठेवला. 

"मामा, जंताच्या औषधाची एक बॅच चुकलीय. बाटलीवर लिहिलंय त्याच्याहून औषध लय कडक झालंय. लिहिल्यापरमानं पाजलं तर मेंढरं मरतेल. गाभण असतेल तर वाचायच्याच न्हाईत."

बन्सीधरराव लगबगीने फळीकडे गेले. त्या बॅचच्या बाटल्या बाहेरून इतर बाटल्यांसारख्याच दिसत होत्या. फरक फक्त तळाशी छापलेल्या बारीक आकड्यांत होता. दोघांनी उरलेल्या बाटल्या बाजूला काढल्या. पण फळीवरची बरीच जागा मोकळी होती. तिथल्या बाटल्या विकल्या गेल्या होत्या. कुणाला? दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, ती नजर मी विसरू शकत नाही. सगळी नावे माझ्यात होती. मला ती ठाऊक होती, पण दाखवता येत नव्हती. तहानलेल्या माणसासमोर पाण्याचा हंडा असावा आणि त्याचे झाकण निघू नये, तसे झाले होते.

दैवशालाबाईंनी सिद्धोधनला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. कुणी उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. या वेळी त्याची बायको सविता बोलली. 

"ताई, त्यांना आत नेलंय. पोटाचं ऑपरेशन चालू आहे. पहाटेपासून दुखत होतं. काही काम होतं का?"

 दैवशालाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "न्हाई गं, सहज केला होता. तू धीर धर. जेवलीस का काही?"

फोन ठेवल्यावर बन्सीधरराव कळवळून म्हणाले, "अगं, तिला इचारायचं तरी."

"काय इचारू, मामा? तिचा माणूस आत टेबलावर हाय."

मग दोघे आठवू लागले. गावातली माणसे पटापट आठवली. त्यांना फोन झाले, काहीजण बाटल्या परतही घेऊन आले. शेतकऱ्यांचीही नावे आठवली. पण रानोमाळ फिरणारे मेंढपाळ आठवेनात. रोज नवी माणसे येत, औषध घेत, निघून जात. एका गिऱ्हाइकापाशी येऊन मात्र दोघेही थांबले.

"ती एक बाई न्हवती का? लय वेळ भाव करायलती. बरुबर तिचा मालक होता," बन्सीधरराव म्हणाले.

"गाभण मेंढ्या हायत म्हणत होती," दैवशालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोक्याला हात लावला. "नाव काय तिचं? मीच टाईप केलं होतं की."

कासाबाई. तिचे नाव कासाबाई होते. मी ते सांगू शकलो असतो तर माझा पंखा तिथेच जळून गेला तरी मला चालले असते.

योगीरावांनी जीपमधले प्रवासी दुसऱ्या जीपमध्ये बसवले आणि बन्सीधररावांना घेऊन निघाले. रस्त्यात जिथे मेंढरे दिसतील तिथे विचारायचे, एवढेच ठरले होते. इकडे दैवशालाबाईंनी पंडितला फोन केला. काही वर्षांपूर्वी ज्याला हसून परत पाठवले होते त्यालाच. तो जवळच मानवतला आला होता, तिथून तसाच मोटारसायकलवर आला.

त्याने खुर्ची ओढली आणि माझ्यापुढे बसून बघितले. आपल्या कंपनीत फोन लावला. पलीकडून लगेच कुणीतरी उचलला. त्याला जमेना तेव्हा त्याने दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसरा माणूस शांतपणे काहीतरी बोलला आणि पंडितने माझ्यावरचा हात काढून घेतला.

"ताई, हे आमचं न्हाई. आत कसं बांधलंय ते आमच्यात कुणालाच माहीत न्हाई. हात लावला आन चुकलं, तर आहे तेबी जाईल."

"मग तुमच्यात असतं तर?"

 पंडितला या क्षणी आपला माल विकायचा नव्हता, हे मला दिसत होते. "आमच्यातबी बिघाड होतो, ताई. न्हाई म्हणणार नाही. सिद्धोधनचं काम तर आमच्याहून नीटनेटकं हाय. पण आमच्यात मी आजारी पडलो तर दुसरा येतो. दुसरा न्हाई आला तर तिसरा. किंमत सॉफ्टवेअरची थोडी आन त्या रांगेची जास्ती."

 दैवशालाबाई दारात जाऊन रस्त्याकडे बघू लागल्या. सेलूची एक बस आली आणि गेली. योगीरावांचा फोन आला की त्या झडप घालून उचलत. दर वेळी एकच उत्तर येई. एक कळप सापडला, पण तो नव्हे.

ऊन कलायला लागले तेव्हा सविताने आपणहून फोन केला.

"ताई, ते शुद्धीवर आलेत. तुम्ही सहज फोन केला नव्हता, मला आवाजावरनं कळलं. काय आहे ते सांगा. मी त्यांच्या कानाशी धरते."

दैवशालाबाईंनी थोडक्यात सांगितले.  मग सिद्धोधनचा आवाज आला. विहिरीतून यावा तसा.

"ताई... रोज बंद करताना... एक प्रत वेगळी राहते."  पंडितने कान फोनजवळ नेला. "दुसऱ्या कप्प्यात बघा... 'जुने' म्हणून हाय... कालची तारीख... तिथून उघडा. मुख्य फाईलला... हात लावू नका."

 दैवशालाबाईंनी तो कप्पा उघडला. माझा पंखा जोरात घरघरू लागला. उन्हाने मी तापलो होतो, आणि आता मध्येच बंद पडलो तर, ही भीती होतीच. पडदा काळा झाला. काळाच राहिला. मग एकाखाली एक नावे उमटू लागली.

"कासाबाई," दैवशालाबाई म्हणाल्या. "कासाबाई तात्याराव. हीच ती."

त्यांनी तिथला फोन नंबर लावला. फोन बंद होता. रानात चार्जिंग कुठले? पण नावापुढच्या चौकोनात लिहिलेले होते, 'वाडा सध्या कुठे? देवगाव फाटा, आबासाहेबांचे शेत.'

योगीरावांना फोन गेला तेव्हा जीप वालूरजवळ होती. त्यानंतरचे मी पाहिले नाही. ते मला बन्सीधररावांच्या तोंडून कळले, आणि तेही त्यांनी अनेक दिवसांनी सांगितले.

जीप शेताच्या कडेला थांबली तेव्हा तात्यारावांनी एका मेंढीचे तोंड वर धरले होते आणि कासाबाई बाटलीतून औषध पाजत होत्या. बन्सीधरराव ढेकळांतून धावले. वयामुळे धाप लागून त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी नुसता हात वर केला. कासाबाईंचा हात थांबला.

"पाजू नका, बाई. औषध चुकीचं हाय."

कासाबाईंनी हातातल्या बाटलीकडे पाहिले, मग बाजूला उभ्या केलेल्या मेंढ्यांकडे. ज्यांना जपायचे त्यांना आधी, म्हणून त्यांनी गाभण मेंढ्यांपासूनच सुरुवात केली होती. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी होते ते सगळे केले. काही मेंढ्या तगल्या. काही दिवस मावळायच्या आत गेल्या. बाकीचा सगळा कळप वाचला. पण गेलेल्या मेंढ्यांजवळ बसलेल्या कासाबाईंना कळप वाचल्याचे कोण आणि कसे सांगणार? बन्सीधरराव म्हणत, "मी आपला तिथंच मातीत बसलो तिच्याजवळ. काय बोलावं ते सुचंना."

पुढे औषध कंपनीने चूक कबूल केली आणि भरपाईही दिली. ती घेतल्यावर तात्याराव आणि कासाबाई एकदा दुकानात आले. कासाबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी चहा घेतला. जाता जाता त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ह्याच्यात आमचं नाव होतं म्हणता?"

"व्हय, मावशी."

"वाडा कुठं हाय तेबी होतं?"

"होतं."

"मंग सकाळीच कामून न्हाई सांगितलं ह्यानं?"

दैवशालाबाईंचे डोळे भरून आले. "ह्याला नुसतं ठिवता येतं, मावशी. सांगणारा एकच होता, आन तो दवाखान्यात होता."

कासाबाईंनी मान हलवली. त्यांना पटले की नाही, मला कळले नाही.

त्यानंतर पंडितला बोलावणे गेले. बोलावले ते बन्सीधररावांनीच. "आणा तुमचं ते सॉफ्टवेअर. दरसाल भरू," ते म्हणाले. आणि मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, "आन तुमची कंपनीच बुडली तर?"

पंडितने खोटे सांगितले नाही. "मग आमीबी अडकलो, काका. पण लय दुकानं तिच्यावर चालतेत. ती बुडायला लागली तर आदी कानावर येईल. एका माणसाचं दुखणं आदी सांगून येत न्हाई."

सिद्धोधन बरा होऊन पाथरीला आला तेव्हा फार वाळला होता. नवे सॉफ्टवेअर घेतल्याचे त्याला कसे सांगावे, या विचाराने दैवशालाबाई अवघडल्या होत्या. त्यानेच विषय काढला. "बरं केलं, ताई. मी चांगलं लिहिलं होतं. पण मी एकटा होतो." आणि त्यानेच बसून सगळी नावे नव्या जागी नेऊन दिली. त्या सॉफ्टवेअरमध्ये वाड्याचा चौकोन नव्हता, म्हणून पत्त्याच्या जागेत वाडा लिहायचा, असे दोघांनी मिळून ठरवले.

पण मित्रांनो, नवे सॉफ्टवेअर माझ्यावर चालेना. माझी ताकद त्याला पुरेना. दुकानात नवा संगणक आला. त्याच्या कपाळावर कंपनीचे नाव चकाकत होते. मला उचलून मागच्या खोलीत ठेवले. पोत्यांचा भुसभुशीत वास, वर कोळ्याची जाळी. कितीतरी दिवस मला कुणी सुरू केले नाही. भंगारवाल्याची हाक रस्त्यावरून आली की मी कान टवकारायचो.

मग एका रविवारी सिद्धोधन आला, त्याने माझ्यातली धूळ फुंकली, आपला जुना प्रोग्राम दुरुस्त केला आणि सगळ्या मेंढपाळांची नावे, नंबर आणि वाडे माझ्यातही भरून ठेवले. नव्याचे काही अडले तर माझ्याकडे यायचे. आणि तो उठून बन्सीधररावांना म्हणाला, "काका, आता तुमी बसा."

"मी? ह्या वयात?"

"हो. ताईला येतं, मला येतं. तिसरं कोणीतरी पायजे ना."

तेव्हापासून बन्सीधरराव दुपारी मागे येतात. एका बोटाने एकेक अक्षर शोधतात. चुकले की माझ्यावरच रागावतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. माझा पंखा अजून घरघरतो. वीज गेली की अजून मी धास्तावतो. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू असेल, जिच्यावर सगळ्यांचे काम चालते आणि जी एकाच माणसाला कळते. ती धड चालू आहे तोवरच दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवा. वस्तूला फुंकर घाला, पुसा, आणि तिच्याजवळ आणखी एका माणसाला बसवा. आम्ही वस्तू सगळे जपून ठेवतो, पण आम्हाला हाक मारता येत नाही.

परवा बन्सीधररावांनी पहिल्यांदाच स्वतः एक नाव शोधले. नंबर समोर आला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा तपासून फोनवर लावला आणि फोन कानाशी धरून बसले. त्यांच्याबरोबर मीही थांबलो. घंटी वाजत राहिली. मग पलीकडून एका बाईचा आवाज आला, आणि त्यामागे मेंढरांचा.

"कोन बोलायलंय?"

"मी बन्सीधर, पाथरीचा. काई काम न्हाई, कासाबाई. फोन लागतो का, ते बघायलोय."



"लागला की," कासाबाई म्हणाल्या. "आता वाडा वालूरला हाय. लिहून घ्या."